वाणसामानाच्या यादीतील शेवटची ओळ

वाचकांचे प्रश्न : घरखर्च

प्रश्न : माझे वय २७ असून लग्नाला सव्वा वर्ष झाले आहे. आम्ही दोघेही पुण्यात नोकरी करतो आणि भाड्याच्या घरात राहतो. माहेरी, सांगलीला, वाणसामानाची यादी बाबा करत असत. एक तारखेला ती वाण्याकडे जायची आणि संध्याकाळी दुकानातला मुलगा सामान घरी आणून टाकायचा, एवढेच मला ठाऊक होते. येथे महिन्याला ८,००० रुपयांत घरातले खाणेपिणे बसवायचे असे मी ठरवले, पण सलग पाच महिने ते जमलेले नाही. गेल्या महिन्यात मी प्रत्येक बिल जपून ठेवले, तेव्हा बेरीज १३,४०० रुपये झाली. त्यात वाणसामान ३,९००, दूधदही २,२५०, भाजी आणि फळे २,९००, अंडी आणि मासळी १,५००, आणि घरपोच सामान देणाऱ्या ॲपवरून मागवलेल्या वस्तू २,८५० रुपयांच्या आहेत. चांगल्या प्रतीचा चहा, चीज, बदाम, आइस्क्रीम, वेफर्स, थंड पेये, तयार इडलीचे पीठ आणि हंगामात हापूस या आमच्या चैनीच्या गोष्टी. बेरीज पाहून इतकी शरम वाटली की हे सगळेच बंद करावे असे मनात आले. नवऱ्याचे म्हणणे असे की दिवसभर राबून घरी आल्यावर आवडीचे दोन घासही खायचे नसतील, तर कमवायचे कशासाठी? सर्व बिले सोबत पाठवत आहे. काय ठेवावे आणि काय सोडावे, हे कृपया सांगावे.
एक वाचक, पुणे

उत्तर : शरम वाटावी असे तुमच्या बिलांत मला काही आढळले नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणानुसार शहरांतील कुटुंबे आपल्या मासिक खर्चापैकी सुमारे ४० टक्के रक्कम अन्नावर खर्च करतात, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा, एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के, पेये, बाहेरचे खाणे आणि तयार खाद्यपदार्थ यांचा आहे. दूध, भाजी, धान्य यांपैकी कोणत्याही एकाचा वाटा त्याहून कमी भरतो. म्हणजे तुमच्या वहीत जे दिसते तेच शहरांतल्या असंख्य घरांत घडत आहे. तुम्ही ते लिहून काढले, एवढाच फरक.

आता ८,००० या आकड्याकडे पाहू. तो कसा ठरवला हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि माझा अंदाज असा की तो कशावरूनच ठरवलेला नव्हता. बरा वाटणारा एक आकडा मनाशी धरला गेला. प्रत्यक्षात १३,४०० लागत असताना एकदम ८,००० ची मर्यादा घातली, की दहा-बारा तारखेलाच ती मोडते, आणि एकदा मोडली की उरलेल्या महिन्यात हिशेब ठेवण्यात अर्थ वाटत नाही. पाच महिने तुमचे असेच झाले असणार. म्हणून येत्या महिन्यासाठी ११,५०० रुपये धरा. कमी करायचे आहेत ते १,९०० रुपये, आणि त्यांतला फार थोडा भाग तुम्ही चैन म्हणून लिहिलेल्या गोष्टींतून यायचा आहे.

मोठी गळती ॲपच्या खरेदीत आहे. बिलांवरून दिसते की महिन्यात १७ वेळा सामान मागवले गेले, म्हणजे सरासरी एका वेळी १६८ रुपयांचे, आणि प्रत्येक वेळी १५ रुपये हाताळणीचे शुल्क पडले. हे शुल्कच २५५ रुपये झाले. पण त्याहून मोलाची गोष्ट निराळीच आहे. १७ पैकी ११ बिलांत पहिली वस्तू कोथिंबीर, लिंबे, पाव किंवा अंडी अशी साधी, रोजच्या गरजेची आहे, आणि तिच्या मागोमाग वेफर्स, थंड पेयाची बाटली किंवा चॉकलेट आलेले आहे. पोच मोफत मिळण्यासाठी ठरावीक रकमेची खरेदी व्हावी लागते, म्हणून ही भर पडली असावी. त्या संध्याकाळी तुम्हा दोघांपैकी कुणालाही वेफर्सची आठवण झालेली नव्हती. कोथिंबीर संपली होती, इतकेच. जी वस्तू समोर दिसली म्हणून घेतली गेली आणि दुसऱ्या दिवशी जिची चवही आठवत नाही, तिला हौस म्हणणे हा हौसेवर अन्याय आहे. ओट्याजवळ एक वही टांगा आणि संपत आलेली वस्तू संपण्याआधी तिच्यात लिहा. मंडईत आठवड्यातून दोनदा, वार ठरवून जा. ॲपवरून महिन्यात चारपेक्षा अधिक वेळा मागवायचे नाही, असे दोघांनी मिळून ठरवा. माझ्या हिशेबाने यातून किमान १,२०० रुपये वाचतील.

दुसरी जागा तेलाची. तुमच्याकडे दोघांना महिन्याला ४ लिटर तेल लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात २,००० किलोकॅलरीच्या आहारासाठी तेलतूप मिळून दिवसाला सुमारे २७ ग्रॅमचे प्रमाण दिले आहे. दोघांचे महिन्याचे १,६२० ग्रॅम होतात, आणि एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरत असल्याने ते पावणेदोन ते दोन लिटरच्या दरम्यान बसते. फोडणीला तेल पिशवीतून किंवा बाटलीतून थेट न ओतता पळीने घालण्याची सवय लागली, की दोन लिटर कमी करणे अवघड नाही. तुमच्या बिलावरच्या भावाने हे ३०० रुपये झाले.

तेल घेताना आणखी एक पाहावे. पूर्वी पिशवी ठरावीक मापाचीच असे. आता ८५० ग्रॅमची पिशवी आणि १ लिटरची पिशवी फळीवर शेजारी शेजारी असतात आणि दिसायला सारख्याच वाटतात. ८५० ग्रॅमच्या पिशवीत लिटरच्या पिशवीपेक्षा साडेसहा टक्के तेल कमी असते. वेष्टित मालावर एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा भाव छापणे आता बंधनकारक आहे, मात्र तो बारीक अक्षरांत असतो. एकूण किंमत सोडून तोच भाव पाहण्याची सवय तुम्ही स्वतःला लावलीत, तर सवलतींच्या पाट्यांकडे पाहण्याची गरज फारशी उरणार नाही.

भाजीच्या रकमेला मात्र हात लावू नका. त्याच मार्गदर्शनात माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे आणि तुमची भाजी त्याहून कमीच भरते. वाचवायचे ते फेकले जाणारे. फ्रीजच्या तळच्या खणात काळी पडलेली कोथिंबीर आणि अर्धा सुकलेला दुधी ही नासाडी लहान वाटते, पण ती दर आठवड्याला होते. पावसाळ्यात पालेभाजी महाग आणि चिखलाने भरलेली येते, त्या दिवसांत मटकी, मूग, चवळी भिजवावीत. हिवाळ्यात मटार आणि गाजरे स्वस्त होतात तेव्हा भरपूर खावीत. रवा, बेसन, पोहे पावसाळ्याच्या तोंडावर पाच पाच किलो घेऊ नयेत. स्वस्त मिळाले तरी जाळी आणि अळ्या होऊन त्यातले किती टाकावे लागते, हे मी स्वतः अनुभवले आहे. वर्षाचे धान्य भरण्याची रीतही भाड्याच्या दोन खोल्यांत उगाच पाळू नका. गव्हाला ऊन दाखवायला गच्ची आणि कोठी ठेवायला कोपरा असेल, तरच तिचा फायदा होतो. यातून आणि पिशव्यांच्या मापाकडे लक्ष देण्यातून उरलेले ४०० रुपये निघतील.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. माझ्या सासूबाई वाणसामानाच्या यादीत शेवटची एक ओळ कोरी ठेवत असत. घरात चौघे कमावते-खाते होतो आणि दर महिन्याला एकाची पाळी असे. ज्याची पाळी, त्याने त्या ओळीत त्याला हवे ते लिहायचे, आणि इतरांनी त्यावर एक शब्दही बोलायचा नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मी फार वेळ विचार करून ‘खारे काजू, १०० ग्रॅम’ असे लिहिले. वाण्याने पुडी बांधून दिली, ती मी दहा दिवस पुरवून खाल्ली आणि त्या काजूंची चव अजून माझ्या जिभेवर आहे. त्या घरात पैसा बेताचाच होता, पण त्या ओळीवर सासूबाईंनी कधी काट मारली नाही. डाळ कमी पडली तर त्या डाळीचे पाहत, ती ओळ तशीच राहत असे.

तुमच्या घरातही चैनीला यादीत उघडपणे जागा द्या. ९०० रुपये बाजूला काढा, ते ११,५०० मध्येच धरलेले आहेत. त्यांतले ३०० तुमचे, ३०० नवऱ्याचे आणि ३०० दोघांच्या पसंतीचे. दुसऱ्याने त्याच्या ३०० मध्ये काय घेतले हे विचारायचे नाही. तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नात तथ्य आहे आणि त्याला असेच उत्तर देता येईल.

या रकमेत काय बसवावे, तेही तुमच्या यादीवरून सांगते. चांगला चहा अवश्य ठेवा. तुम्ही साध्या चहापेक्षा महिन्याला १५० रुपये अधिक देता आणि दोघांचे मिळून १२० कप होतात, म्हणजे कपाला सव्वा रुपया. दिवसातून दोनदा इतक्या थोड्या पैशांत मिळणारे दुसरे सुख तुम्हाला शोधूनही सापडणार नाही. बदाम चैनीतून काढून रोजच्या आहारात घाला, पण सगळा भार त्यांच्यावर टाकू नका. शेंगदाण्यांत प्रथिने बदामांपेक्षा काही कमी नाहीत आणि भाव कितीतरी उतरतो. आठवड्यातले पाच दिवस दाणे किंवा तिळाची चटणी आणि दोन दिवस बदाम हे प्रमाण ठीक राहील. इडलीचे तयार पीठ ही चैन नाही. ज्या आठवड्यात दोघांनाही रात्री उशीर होतो, त्या आठवड्यात तुम्ही त्यातून वेळ विकत घेता. ते निःसंकोच घ्या, आणि ज्या रविवारी सवड असेल त्याच्या आदल्या दिवशी डाळ-तांदूळ भिजत घाला. आइस्क्रीमचा मोठा डबा घरात ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा दोघांनी चालत जाऊन एकेक कप खावा. खर्च जवळजवळ तितकाच येईल, पण ती संध्याकाळ तुमच्या लक्षात राहील.

चीज, वेफर्स आणि थंड पेये यांच्याबाबत मी निर्णय देत नाही, कारण तो तुमच्या जिभेचा आहे. तिन्ही वस्तू पंधरा दिवस घरात आणू नका. पंधरा दिवसांनी जिची खरोखर उणीव भासली असेल, ती आपल्या ३०० रुपयांतून आणा. माझा अंदाज चीजच्या बाजूने आहे.

हापूसचे गणित मासिक हिशेबात घालू नका, नाहीतर एप्रिल-मे हे दोन्ही महिने कोसळतील. आंबे, दिवाळीचा फराळ आणि पाडव्याचे श्रीखंड यांसाठी दरमहा ३०० रुपये या ११,५०० च्या बाहेर वेगळे ठेवा, वर्षाचे ३,६०० होतील. आणि पहिल्या पेटीचा मोह आवरा. मे महिन्यात आवक वाढते, भाव खाली येतो आणि फळही अधिक तयार झालेले मिळते.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून नाशिकला राहतो. रोज १ लिटर म्हशीचे पिशवीबंद दूध घेतो, सायीचे विरजण लावून लोणी काढतो आणि महिन्याला साधारण अर्धा किलो तूप घरीच कढवतो. मुलगा म्हणतो, टोन्ड दूध घ्या आणि तूप विकत आणा, ते स्वस्त पडेल. दोन दुधांच्या भावात लिटरमागे १६ रुपयांचा फरक आहे आणि अर्धा किलो तूप आमच्या दुकानात ३३० रुपयांना मिळते. खरे काय?
एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : केवळ पैशांचा हिशेब केला तर आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. आपण घेता तशा मलईयुक्त दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो आणि टोन्ड दुधात ३ टक्के. त्या वाढीव स्निग्धांशासाठी आपण महिन्याला ४८० रुपये अधिक देता आणि त्यातून ३३० रुपयांचे तूप काढता, म्हणजे १५० रुपये अधिक जातात. गॅस आणि आपले श्रम यात धरलेले नाहीत. तुपाचे ते बिल २२ सप्टेंबर २०२५ नंतरचे आहे ना, एवढे पाहून घ्यावे. त्या दिवसापासून तूप, लोणी आणि चीज यांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या बिलावरून केलेला हिशेब आज तंतोतंत जुळणार नाही.

पण या १५० रुपयांत तूप सोडून आणखी काय मिळते, हे आपल्या मुलाच्या हिशेबात आलेले नाही. दर तीन-चार दिवसांनी ताजे ताक मिळते. तूप कढताना घरभर तो वास पसरतो, आणि भांड्याच्या तळाशी उरलेल्या बेरीत साखर घालून खाण्याचा आनंद कोणत्याही दुकानात मिळत नाही. आपल्या पत्रातील ‘घरीच कढवतो’ या शब्दांवरून मला वाटते की हे काम आपल्याला आवडते. तसे असेल तर ते चालू ठेवावे, मात्र त्याला बचत म्हणू नये. वहीत हौस या सदराखाली १५० रुपये लिहावेत, म्हणजे मुलाशी वाद राहणार नाही आणि आपल्या मनातही संभ्रम राहणार नाही. लोणी काढण्याचे श्रम उद्या हातांना झेपेनासे झाले, तर दूध त्याच दिवशी बदलावे. सवय म्हणून ओढत राहू नये.

एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. महिन्याला अर्धा किलो तूप म्हणजे माणशी दिवसाला सव्वाआठ ग्रॅम. वरच्या उत्तरात दिलेल्या २७ ग्रॅममधून ते वजा केल्यास तेलासाठी माणशी १९ ग्रॅमपेक्षा कमीच उरतात, म्हणजे दोघांना महिन्याला सव्वा लिटर तेल पुरायला हवे. तूप घरचे आहे म्हणून ते या मोजणीतून सुटत नाही. आपल्यापैकी कुणाला हृदयविकार किंवा मधुमेह असेल, तर हे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

प्रश्न : आमची मुले ९ आणि १२ वर्षांची आहेत. रोज शाळेतून येताना १० रुपयांचे वेफर्सचे पाकीट मागतात. नाही म्हटले की रडारड होते आणि हो म्हटले की महिन्याला ६०० रुपये जातात. खाऊ बंद करावा का?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बंद करू नका, तो मुलांच्या हाती सोपवा. रोज २० रुपये देण्याऐवजी सोमवारी प्रत्येकाला आठवड्याचे ४० रुपये एकदम द्या आणि ते संपल्यावर पुढच्या सोमवारपर्यंत मिळणार नाहीत, हे आधीच शांतपणे सांगा. पहिल्या आठवड्यात पैसे बुधवारीच संपतील. त्या वेळी रागवू नका आणि वरचे पैसेही देऊ नका.

थोरल्याला पाकिटावरचे वजन वाचायला लावा. १० रुपयांच्या पाकिटात २० ग्रॅम वेफर्स असतील तर किलोचा भाव ५०० रुपये होतो, हे त्याने स्वतः गुणाकार करून काढले पाहिजे. मग त्याला वाण्याकडे नेऊन एक किलो भडंगाच्या चुरमुऱ्यांचा, शेंगदाण्यांचा आणि बटाट्यांचा भाव विचारायला सांगा. तुम्ही कोल्हापूरकर आहात, त्यामुळे रविवारी सकाळी मोठ्या कढईत भडंग करणे तुम्हाला नवे नाही. लसूण ठेचण्याचे आणि दाणे निवडण्याचे काम दोघांना द्या, आणि डब्यावर त्यांच्याच नावाची चिठ्ठी लावा. डबा मुलांच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा. ४० रुपयांतून त्यांनी तरीही वेफर्सच आणले तर आणू द्या, तो पैसा त्यांचा आहे.